चौदा नंबरच्या होर्डिंगमागचं स्वयंपाकघर

सोमवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. पुरावे उड्डाणपुलाखालच्या दुभाजकावर उभे आहेत. डावा हात पुढे लांब केलेला, त्यात आजचा पेपर, तारखेची ओळ वर येईल अशा बेताने घडी घातलेला. उजव्या हातात मोबाइल. समोर सिमेंट कंपनीचं होर्डिंग. ते एक डोळा मिटतात, पेपर दोन बोटं खाली घेतात आणि बटण दाबतात. फोटोत होर्डिंग येतं, तारीख येते आणि त्यांचा डावा अंगठा येतो. क्रमांक एक झालं. अजून चाळीस आहेत.

पुरावे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते ऑफिसात पडलेलं नाव आहे, पण आता इतकं मुरलं आहे की कुरिअरवालाही पाकिटावर तेच लिहून आणतो. शहरभर होर्डिंग लावणाऱ्या एका कंपनीत ते तपासनीस आहेत. एखादी जाहिरात महिनाभर लावायची असं ठरतं, तेव्हा ती खरोखर महिनाभर लागली होती का, हे बघायला जाहिरातदार रोज येत नाही. पुरावे जातात. त्यांच्याकडे छापील तक्ता असतो आणि त्यात दहा रकाने: कापड आहे की नाही, फाटलंय का, दोरी सुटलीय का, झाडाची फांदी आडवी येते का, पक्ष्यांनी घाण केलीय का, दिवे किती, पैकी चालू किती, असे. दहावा रकाना 'शेरा'. एकोणीस वर्षांत त्यांनी या तक्त्यात एकही खोटी ओळ लिहिलेली नाही. एकदा तर स्वतःचीच तक्रार नोंदवली होती: 'पेपर आडवा आल्यामुळे फोटोत फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे झाकले गेले. चूक तपासनिसाची.'

मोबाइल स्वतःच फोटोवर तारीख छापतो, हे ऑफिसला माहीत आहे. पण जाहिरातदारांचा विश्वास पेपरवर आहे आणि ऑफिसचा अंगठ्यावर. स्कूटरच्या स्टँडखाली सापडल्यापासून या अंगठ्याच्या नखाला मधोमध उभी चीर आहे. ऑफिसच्या संगणकात तिचे काही लाख फोटो आहेत. पुरावे स्वतः त्यातल्या एकाही फोटोत नाहीत.

लोक जाहिराती टाळायला पैसे मोजतात, त्या काळात पुरावे बहुधा शहरातले एकमेव गृहस्थ असतील ज्यांच्या नजरेतून एकही जाहिरात सुटत नाही. न्हाव्याच्या आरशावरचं स्टिकर, औषधाच्या पाकिटावरचं हसरं कुटुंब, रिक्षाच्या पाठीवरचा क्लास, सगळं त्यांच्या डोळ्यांतून तपासून पुढे जातं. घरी टीव्ही लागला की बाकीचे मालिका बघतात आणि जाहिरातींत बोलून घेतात. पुरावे मालिकेत बोलतात आणि जाहिराती लागल्या की हात वर करून सगळ्यांना गप्प करतात. आईला मागे दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काही शंका?" पुरावे म्हणाले, "त्या कॅलेंडरवरची गोळी उलटी छापलीय."

"एवढं सगळं दिसतं ना तुम्हांला?" बायको म्हणते. "मग डोळे मिटा आणि सांगा, मी आज कोणत्या रंगाची साडी नेसलेय?"

पुरावे डोळे मिटतात आणि विचार करतात. मग सांगतात, "काल आणलेल्या पिशवीवर साबणाची जाहिरात होती. पिवळी."

तर आज सकाळी, चाळीस होर्डिंगांकडे बघताना, त्यांचं अर्धं लक्ष दहा वाजताकडे आहे. दहाला ऑफिसात क्रमांक चौदाचा निकाल लागायचा आहे. होर्डिंगच्या पाठीला कायमचं काळं कापड लावायचं की नाही, एवढाच प्रश्न. माणसं आणि शिडी अकरा वाजता निघणार, असं ठरलेलं आहे. आणि चौदा नंबरच्या पाठीमागे, चार फुटांवर, पुराव्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. त्या घरातली ती एकच खिडकी अशी, जिच्यातून सकाळी उजेड येतो.

हे घर त्यांना जाहिरातीनेच मिळालं. सहा वर्षांपूर्वी चौदा नंबरची मागची दोरी तपासायला ते शेजारच्या बैठ्या दुकानाच्या छपरावर चढले होते. होर्डिंगची चौकट त्याच छपरावर उभी आहे. मागे वळले तर पहिल्या मजल्याच्या खिडकीवर वहीचा कागद चिकटवलेला: 'जागा देणे आहे'. समोर भलंमोठं होर्डिंग, त्यामुळे तो कागद रस्त्यावरून दिसणं शक्यच नव्हतं. जगात तो वाचू शकणारा एकच माणूस होता आणि त्याने तो वाचला. एकोणीस वर्षांत एखादी जाहिरात वाचून पुराव्यांनी काही घेतलं असेल, तर ते हे घर.

घरात काही गोष्टी लगेच लक्षात आल्या. होर्डिंगचं तोंड उगवतीला. सकाळचं ऊन समोरून कापडावर पडतं, कापडातून पार होतं आणि जाहिरातीचा रंग घेऊन ओट्यावर येतं. टोमॅटो सॉसच्या तीन महिन्यांत अख्खं स्वयंपाकघर लाल होतं. विमा कंपनीच्या वेळी हिरवं. तेव्हा भाजीवाली ताजी भाजी देते असा घरात समज झाला होता, तो जाहिरात उतरल्यावर गेला. आता गादीची जाहिरात आहे, गडद निळी. निळ्यात दूध नासलंय की नाही ते कळत नाही, म्हणून वास घ्यावा लागतो. आईच्या चार गोळ्यांपैकी दोन सॉसच्या लालात सारख्याच दिसायच्या. तेव्हापासून चार गोळ्यांच्या चार डब्या झाल्या.

अक्षरं मागून उलटी दिसतात. पण आई निवांत माणूस, समोर चहाचा कप आणि तासभर वेळ. ती उलटी अक्षरं सरळ वाचायला शिकली. विमा कंपनीची तीच जाहिरात एकदा मासिकात आली, तेव्हा ती म्हणाली, "अरे, यांनी चुकीची छापलीय."

बायकोची तक्रार निराळी होती. ओटा खिडकीखाली आणि दिवा समोरच्या भिंतीवर, म्हणजे ओट्यापाशी उभं राहणाऱ्याच्या पाठीमागे. "संध्याकाळी दिवा लावला की माझीच सावली ओट्यावर पडते. चिरते मी, पण दिसतं काही नाही. दिवा जरा इकडे घ्या ना."

"बघतो," पुरावे म्हणाले. याला सहा वर्षं झाली.

गेल्या बुधवारी ऑफिसातून फोन आला. शाखेच्या प्रमुख मॅडम वयाने पुराव्यांच्या निम्म्या आहेत आणि त्यांना काका म्हणतात.

"पुरावे काका, गादीवाल्यांच्या मॅनेजरची तक्रार आलीय. चौदा नंबर. त्यांच्या जाहिरातीत एक माणूस शांत झोपलाय, बरोबर?"

"बरोबर. उजव्या कुशीवर."

"संध्याकाळी साडेसातला ते गाडीतून जात होते. त्यांचं म्हणणं, झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर कुणीतरी हत्यार उगारतं."

"कुणी?"

"ते तुम्ही बघून सांगायचं."

पुराव्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं, कारण त्यांची फेरी सकाळची. संध्याकाळी ते फक्त दिवे मोजायला निघतात आणि होर्डिंगांचे दिवे परवान्याप्रमाणे आठला लागतात. एकदा समोरून दिवे पडले की मागचं काही दिसत नाही. प्रश्न अंधार पडल्यापासून आठपर्यंतच्या तासाभराचा होता. त्या तासाला पुरावे नेहमी गावाच्या दुसऱ्या टोकाला, क्रमांक एकपाशी, आठ वाजायची वाट बघत उभे असतात.

बुधवारी सात वाजून दहा मिनिटांनी ते चौदा नंबरसमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन थांबले. चोर छपरावरून चढत असणार, असा त्यांचा अंदाज होता. तिथे आधीच पाचसहा जण कप घेऊन, सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे होते.

"साहेब, थोडं डावीकडे व्हा," चहावाला म्हणाला. "खांब आडवा येतो. आता सुरू होईल."

"काय सुरू होईल?"

"नवीन दिसताय."

मागे कुठेतरी दिवा लागला. निळ्या कापडावर उजेडाचा चौकोन उमटला, बरोबर झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर, आणि त्यात एक बाई आली. कमरेपासून वरची, दीडपट मोठी, डोक्यावर अंबाडा. तिने हात वर केला. हातात बत्ता होता. झोपलेल्या माणसाच्या कानशिलाच्या जरा वर तिने तो दाणकन आपटला. मग पुन्हा. माणूस हसतमुखाने झोपून राहिला.

"आज लसूण आहे," चहावाला म्हणाला. "काल नव्हता."

पुराव्यांनी पेपर धरला, फोटो काढला. काम चोख झालं. ही बाई कोण, हा प्रश्न त्यांना तोवर पडला नव्हता. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

मग चौकोनात दुसरी सावली आली, बारीक, पाठीत वाकलेली. तिने एकामागून एक चार डब्या उघडल्या, गोळ्या तळहातावर घेतल्या आणि मान झटकन मागे टाकून गिळल्या. असं मान टाकून गोळ्या गिळणारं माणूस पुराव्यांनी जगात एकच पाहिलं होतं.

"आई," ते म्हणाले.

"हो, म्हातारी," चहावाला म्हणाला. "रोज पावणेआठ. परवा दहा मिनिटं उशीर झाला तर इथे चार जण काळजीत पडले होते. गोड स्वभावाची असणार. ती दुसरी मात्र कडक वाटते. तिचा नवरा काही बोलत नसेल."

पुरावे काही बोलले नाहीत.

त्यांच्यासमोर आता दोन वाटा होत्या. 'काही आढळले नाही' असं लिहायचं, किंवा खरं लिहायचं. पहिली वाट त्यांना दिसली होती, एवढं म्हणता येईल. त्या दिवशीच्या तक्त्यात दहाव्या रकान्यात त्यांच्या अक्षरात असं आहे: 'मागील घराच्या स्वयंपाकघरातील दिव्यामुळे कापडावर सावली पडते. व्यक्ती दोन. हत्यार नाही, बत्ता. नाते: पत्नी व आई.'

दहा मिनिटांत फोन आला.

"काका, पत्नी आणि आई म्हणजे कुणाची?"

"माझी."

पलीकडून थोडा वेळ खोकला ऐकू आला. हसू दाबायला साधारण तेवढाच वेळ लागतो. मग मॅडमनी नियम सांगितला. मागून सावली पडत असेल तर चौकटीला पाठीमागून काळं कापड लावायचं. ते कायमचं असतं, पुढच्या जाहिराती बदलत राहतात.

"काळ्यातून उजेड येत नाही, मॅडम."

"काका, म्हणूनच तर ते लावतात."

"म्हणजे दिवसासुद्धा येणार नाही. आमच्या घरात."

हे मॅडमच्या लक्षात आलं नव्हतं. समोरचे दिवे सातला लावता येतील का, असं पुराव्यांनी विचारलं. परवाना आठचा. शेवटी मॅडम म्हणाल्या, "सोमवारी माणसं निघतील. त्याआधी तुम्ही काही तोड काढा. पण मला तीन संध्याकाळचे फोटो हवेत, सलग. शुक्रवार, शनिवार, रविवार. एकातही सावली दिसली तर काळं."

घरी ही बातमी जेवणाच्या वेळी फुटली. बायकोचा पहिला प्रश्न काळ्या कापडाबद्दल नव्हता.

"म्हणजे लोक मला रोज बघतात?"

"सावली."

"किती लोक?"

"पाचसहा. आज."

"आणि तुम्ही माझा फोटो काढून ऑफिसला पाठवलात? बत्त्यासकट?"

"पुरावा लागतो."

"सहा वर्षांत घरात माझा एक फोटो काढला नाहीत," ती म्हणाली, "आणि काढलात तो हा."

आईचं सगळं लक्ष भलतीकडे होतं. "मी कशी दिसते रे त्यात? बारीक?"

"बारीक दिसतेस."

"बघ," ती सुनेला म्हणाली. "मी म्हणत होते, माझं वजन उतरलंय."

पहिला उपाय पुराव्यांनी काढला, तो पडद्याचा. "गॅसच्या तोंडावर पडदा?" बायको म्हणाली. "मग सावलीऐवजी थेट आग दिसेल लोकांना." पण एकदा करून बघायचं ठरलं. गुरुवारी गॅस बंद ठेवून खिडकीला चादर बांधली. आईला सांगितलं, आत नेहमीसारखी वाग. आणि नवराबायको खाली उतरली.

सहा वर्षं बायको त्या होर्डिंगच्या पाठीशी राहिली होती. ती मागच्या बोळातून येते-जाते, बाजारही त्याच बाजूला, त्यामुळे त्याचं तोंड असं उभं राहून तिने कधी पाहिलं नव्हतं. "अगंबाई, सरळ अक्षरं," ती म्हणाली.

सव्वासातला दिवा लागला. चादरीने सावली अडली नाहीच, उलट चादरीवरची मोठमोठी फुलं झोपलेल्या माणसाच्या कपाळावर उमटली. वारा आला की ती डोलत. फुलांमागे आई आली. नेहमीसारखी वाग असं सांगितलेलं माणूस जसं वागतं, तशी ती वागली. आधी केस नीट केले. मग कप उचलला आणि बराच वेळ, एका बाजूने, मान ताठ ठेवून चहा प्यायली. कप केव्हाच रिकामा झाला असावा. शेवटी तिने रस्त्याच्या दिशेने हात जोडले. टपरीवर टाळ्या पडल्या.

"म्हातारी आज रंगात आहे," चहावाला म्हणाला. मग त्याची नजर बायकोच्या अंबाड्यावर गेली, तिथून कापडावर आणि परत अंबाड्यावर. "वहिनी… बत्त्याच्या तुम्हीच का?"

"मीच."

"बसा, बसा. चहा माझ्याकडून." मग पुराव्यांकडे वळून, जरा ओशाळून, "आणि साहेब, काल मी जे बोललो ते…"

"काय बोलला होतात?" बायकोने विचारलं.

"चहा गार होतोय," पुरावे म्हणाले.

चहा पीत बायको वर बघत राहिली. तिला फार वेळ लागला नाही. "दिवा मागच्या भिंतीवर आहे. त्याच्या आणि खिडकीच्या मधे माणूस उभं राहिलं की सावली बाहेर येणारच. दिवा खिडकीच्या वर, आतल्या अंगाने बसवला तर उजेड आत पडेल, बाहेर काही येणार नाही." तिने कप खाली ठेवला. "आणि ओट्यावर पडेल. सहा वर्षं मी तेच सांगतेय."

'बघतो' हा शब्द पुराव्यांच्या ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला.

बायकोचा भाऊ वायरमन आहे. शुक्रवारी सकाळी तो आला, स्टुलावर चढला, वायर फिरवली, दिवा बसवला आणि उतरला. पस्तीस मिनिटं लागली, त्यातली दहा चहाची.

"दाजी, एवढ्याशा कामाला सहा वर्षं? कशाची वाट बघत होतात?"

"त्यांची चूक नाही रे," बायको म्हणाली. "तक्रार लेखी आली नव्हती."

शुक्रवारी संध्याकाळी कापड कोरं राहिलं. शनिवारीही. टपरीवर खिन्नता पसरली. सव्वासातला चारपाच माणसं नेहमीप्रमाणे जमली, थोडा वेळ निळ्या कापडाकडे बघत राहिली आणि एकमेकांशी बोलायला लागली. त्यांना त्याची सवय राहिली नसावी, कारण दहा मिनिटांत भांडण झालं.

रविवारी दुपारी पुरावे अस्वस्थ होते. कालचं आणि परवाचं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. शुक्रवारी घरात बाहेरून जेवण आलं होतं. शनिवारी बायको ओट्यापासून दोन हात लांब उभी राहून स्वयंपाक करत होती, सावली पडेल या धास्तीने.

"हा पुरावा कच्चा आहे," ते म्हणाले. "खरी परीक्षा झालेलीच नाही. तू रोज जशी कुटतेस, तसं कुणीतरी कुटायला हवं. अगदी खिडकीशी."

"मग मी कुटते."

"तू कुटलंस की हात आखडता घेशील. मी तुझ्यापेक्षा उंच आहे. सावली पडायचीच असेल तर माझी पडेल."

"तुम्ही? लसूण कुटणार?" बायकोने आईकडे बघितलं. आईने खुर्ची ओट्याकडे वळवून घेतली.

"आणि फोटो कोण काढणार?"

पुराव्यांनी खिशातून घडी घातलेला पेपर काढला आणि बायकोच्या हातात दिला. तारखेची ओळ वर कशी ठेवायची, पेपर दोन बोटं खाली का घ्यायचा, हे सांगितलं. कोरा तक्ताही दिला. "दहाही रकाने भरायचे. एक सोडायचा नाही."

सात वाजून पंचवीस मिनिटांनी पुरावे खिडकीला नाक लावून लसूण कुटत होते. सालं काढायची असतात हे त्यांना माहीत नव्हतं. पहिली पाकळी उडून आईच्या मांडीत पडली. "हात वर ने अजून," आई म्हणाली. "ती डोक्याच्या वर नेते." त्यांनी डोक्याच्या वर नेला. खाली रस्त्यावर काही उमटतंय की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. समोर चार फुटांवर फक्त होर्डिंगची काळोखी पाठ होती. हे एवढंच बायको सहा वर्षं बघत आली असणार, असा विचार त्या वेळी त्यांच्या मनात आला असेल किंवा नसेल. विचारल्यावर ते म्हणाले, "डोळ्यांची आग होत होती."

आठ वाजून पाच मिनिटांनी, होर्डिंगचे दिवे मोजून, बायको वर आली. तक्ता पूर्ण भरलेला होता.

"सावली?"

"नाही. तुम्ही कुटत होतात ना खरंच?"

"हे काय," आईने मांडीतली पाकळी दाखवली.

पुराव्यांनी तक्ता वाचायला घेतला. खालची डावी दोरी सैल. बरोबर, ते सकाळी त्यांनीही टिपलं होतं. दिवे सहा, चालू पाच. बरोबर. मग दहावा रकाना आला: 'झोपलेल्या माणसाने मनगटात घड्याळ घातले आहे. घड्याळात साडेदहा वाजले आहेत. सकाळचे असतील तर हा कामाला गेलेला नाही.'

पाच आठवडे पुरावे त्या माणसाचा रोज फोटो काढत होते. त्यांनी ते घड्याळ पाहिलं नव्हतं.

तर सोमवार, सकाळचे दहा. मॅडमच्या टेबलावर तीन फोटो. शुक्रवारचा त्यांनी बाजूला ठेवला. शनिवारचाही. रविवारचा हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला.

"काका, कापड स्वच्छ आहे. पण हा अंगठा तुमचा नाही."

पुराव्यांनी मान खाली घातली. नखाला चीर नव्हती, उलट जुन्या मेंदीचा विटलेला तुकडा होता. फोटो तपासनिसानेच काढायचा, हा नियम त्यांनी स्वतः दोन नव्या मुलांना शिकवला होता.

"पत्नीचा आहे," ते म्हणाले. "मी वर होतो. लसूण कुटत होतो." आणि मग शुक्रवारचं बाहेरचं जेवण, शनिवारचे दोन हात लांब, स्वतःची उंची, सगळं क्रमाने सांगितलं. आपल्या बाजूचे दोन फोटो आपणच कच्चे ठरवतोय, हे सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं, पण तोपर्यंत सांगून झालं होतं.

मॅडमनी तक्ता वाचला. दहाव्या रकान्यापाशी थांबल्या. संगणकावर जाहिरातीची मूळ फाइल उघडली आणि मनगट मोठं करून पाहिलं. साडेदहा.

"हे जाहिरातदाराला कळवायचं का?" पुराव्यांनी विचारलं.

"मुळीच नको. त्यांच्या तक्रारीचं उत्तर देऊ तेवढं." त्यांनी फोन उचलला आणि शिडीवाल्यांना सांगितलं की चौदा नंबर रद्द, गाडी दुसरीकडे न्या. मग फोटो पुन्हा हातात घेतला. "आणि काका, फोटो तुमच्यापेक्षा सरळ आलाय. घरी सांगा."

पुराव्यांनी घरी सांगितलं. त्यांना खोटी नोंद करता येत नाही, तशी खरी दाबताही येत नाही.

दुपारी तक्त्यात नवा, अकरावा रकाना छापायला गेला: 'मागील उजेड'. संध्याकाळी टपरीकडून एक निरोप आला. सावली नसली तर नसू दे, पण म्हातारीने गोळ्या घेतल्या की नाही हे कळायचं कसं, असं चार जण विचारतायत. आईने थोडा विचार केला. गोळ्या घेऊन झाल्या की स्टीलचा पेला हात लांब करून होर्डिंगच्या लोखंडी पाइपवर दोनदा वाजवायचा, असं तिने ठरवलं. आज तो वाजवून बघितला. खालून कुणीतरी "झालं" असं ओरडलं.

पुराव्यांनी याची नोंद कुठल्या रकान्यात करायची, असं ऑफिसला विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.

उद्या मंगळवार. गादीची जाहिरात महिनाअखेरपर्यंत आहे, त्यामुळे सकाळी ओटा निळाच असेल आणि दुधाचा वास घ्यावा लागेल. पुरावे चौदा नंबरसमोर सात पंचावन्नला पोहोचतील. संध्याकाळी पावणेआठला पाइपवर दोन ठोके पडतील आणि आठला होर्डिंगचे दिवे लागतील, सहापैकी पाच.